ऐरण कुणाकडे गेली?

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा रात्री वाचलं, काल पुन्हा वाचलं. १७८४ नंतर तुझ्या प्रबंधातले इंग्लंडमधले लोहार पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, नोंदींतून दिसेनासे होतात, आणि १८०१ च्या चर्चच्या जमाखर्चात घंटेचा लोलक दुरुस्त केल्याचे पैसे भलत्याच आडनावाच्या माणसाला दिलेले आहेत. ‘काका, घराणं संपलं असंच लिहू का?’ असं विचारलंयस. आणि अगदी शेवटी, घाईघाईत लिहिल्यासारखी एक ओळ: इंटरनेटवर कुणीतरी अख्खा वंशवृक्ष टाकलाय, त्यात ही सतरा वर्षं भरून काढलेली आहेत, तो वापरला तर चालेल का.

त्या ओळीने माझी झोप उडाली. अशीच एक ओळ मी स्वतः एकदा ओढून बसलो आहे. ते पुढे सांगतो. आधी तुझे लोहार.

तीन जॉन तू वेगळे काढलेस, ते फार चांगलं केलंस. बाप, लहानपणीच गेलेला पहिला मुलगा, आणि त्याचंच नाव दिलेला पाठचा भाऊ. असली गाठ पहिल्यांदा सोडवायला मला दोन वर्षं लागली होती. पण त्यानंतर तू नुसती आडनावाच्या मागे धावलीस. आडनाव दिसलं की पान उतरवून घेतलंस, नाही दिसलं की उलटलंस. अगं, कारागिरांच्या घराण्याचा माग असा लागत नाही. भाता, ऐरण, घण एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि तो दुसरा हात जावयाचा असतो, मेहुण्याचा असतो, भाच्याचा असतो, उमेदवारीला आलेल्या परक्या पोराचा असतो. कितीदा तर विधवाच दुकान चालवते आणि हाताखाली एक गडी ठेवते. ऐरण कुणाकडे गेली ते शोध. पहिल्या भेटीत मी हेच सांगितलं होतं, आणि तू ते वहीत लिहून घेतलं होतंस.

तुझ्याच काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं, उदाहरण देतो. विल्यम केरी हे नाव शाळेत कधीतरी कानावर पडलं असेल. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश बंगालमधल्या सेरामपूरहून छापून काढणारा हा माणूस नॉर्दॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावच्या विणकराचा मुलगा. बाप एडमंड आधी मागावर बसायचा, पुढे गावचा मास्तर आणि चर्चचा कारकून झाला. विल्यमला त्याने पिडिंग्टनला क्लार्क निकल्स नावाच्या जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. १७७९ मध्ये निकल्स वारला, तेव्हा विल्यम शेजारच्या हॅकल्टनला टॉमस ओल्डकडे कामाला लागला. तो धंदाही जोड्यांचाच. १७८१ साली ओल्डच्या मेहुणीशी, डॉरथी प्लॅकेटशी, त्याचं लग्न झालं. थोड्याच वर्षांत ओल्डही गेला आणि दुकान केरीने अंगावर घेतलं. ओल्डच्या बायकापोरांचा भारही त्याच्यावरच आला.

आता हे तुझ्या पद्धतीने शोधून बघ. केरी आडनाव धरलंस तर पॉलर्सपरीचा माग सापडेल, हॅकल्टनचं दुकान कधीच सापडणार नाही. ओल्ड आडनाव धरलंस तर दुकान ओल्डबरोबर बंद पडलं असं लिहून मोकळी होशील. दुकान चालू होतं. मेहुणीच्या नवऱ्याच्या हातात होतं.

पिडिंग्टनच्या चर्चच्या पुस्तकात त्या लग्नाची नोंद आहे. त्यात डॉरथीची सही नाही, फुली आहे. जिच्या नवऱ्याने पुढे आपल्या भाषेचं व्याकरण लिहिलं, तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. त्या फुलीचा विचार मनात आला की मला अजून गलबलून येतं. ती आपल्यापर्यंत पोचली ती हार्डविकच्या कायद्यामुळे. तो कायदा १७५३ चा. १७५४ पासून नवरानवरीच्या आणि साक्षीदारांच्या सह्या नोंदीखाली घेणं सक्तीचं झालं. शिवाय क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडले तर सगळ्यांनाच, चर्चशी वैर असलेल्या पंथांनासुद्धा, गावच्या चर्चमध्येच लग्न लावणं भाग पडलं. म्हणजे १७५४ नंतरचं, तुझ्या काळातलं, जवळजवळ प्रत्येक लग्न तुला चर्चच्या पुस्तकात मिळणार आणि खाली साक्षीदार मिळणार. तुझ्या टिपणांत एकही साक्षीदार नाही! लोहाराच्या पोरीच्या लग्नात सही करणारा माणूस पुढे त्याच लोहाराच्या भट्टीवर उभा दिसतो, हे मी एकदा नाही, चार वेगवेगळ्या गावांत पाहिलंय. साक्षीदार उतरवून घे. सगळे. तुझ्या आडनावाचे असोत नसोत.

आणि ती सतरा वर्षं. १७८३ च्या ऑक्टोबरपासून पॅरिशच्या पुस्तकातल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसला. बाप्तिस्मा असो, लग्न असो, दफन असो. कंगालांना तेवढी माफी होती. १७९४ मध्ये तो उठला. मधल्या अकरा वर्षांत किती आईबापांनी पोरांचे बाप्तिस्मे लांबणीवर टाकले किंवा केलेच नाहीत. तेव्हा १७९४ नंतरची पानं नीट बघ. एकाच घरची तीनचार मुलं एकाच दिवशी रांगेने उभी केलेली दिसली तर चकित होऊ नकोस. दुसरं, तुझ्या गावात किंवा शेजारच्या गावात बॅप्टिस्टांची सभा भरत होती का? बॅप्टिस्ट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. खुद्द केरीने तो बाविसाव्या वर्षी, १७८३ मध्ये, नॉर्दॅम्प्टनला नेन नदीत घेतला. अशा मंडळींची जन्माची पुस्तकं निराळी. त्यातली बरीचशी १८३७ नंतर सरकारने गोळा केली, आज ती लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आणि त्या सतरा वर्षांत जन्मलेली पोरं १८५१ च्या शिरगणतीत म्हातारी होऊन भेटतील, प्रत्येकापुढे जन्माचं पॅरिश लिहिलेलं. १८४१ च्या गणतीवर भिस्त ठेवू नकोस. तीत याच काउंटीत जन्म झाला की नाही एवढंच आहे, आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत.

आता माझी ओळ.

तीसेक वर्षांपूर्वी लेस्टरला आमच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहायचे. त्यांचे पूर्वज लोहार. मी हौसेने त्यांचं घराणं शोधायला घेतलं. मागे जाता जाता टॉमस नावाच्या लोहारापाशी अडलो. त्याचा जन्म गावात नव्हता. मग मायक्रोफिशवरच्या, म्हणजे बारीक फिल्मवर उतरवलेल्या, सूचीत शेजारच्या पॅरिशमध्ये १७६१ चा एक टॉमस मिळाला. नाव जुळलं, आडनाव जुळलं, वय जुळलं. मी ओळ ओढली. सुबक अक्षरांत वंशवृक्ष काढून दिला, आणि त्यांनी तो चौकटीत बसवून जिन्यात लावला. सहा वर्षांनी त्याच पॅरिशची दफनं चाळताना तो टॉमस मला सापडला. तीन आठवड्यांचा असताना पुरलेला.

मी त्यांना सांगितलं नाही. ते ऐंशीच्या पुढे होते, जिना चढताना रोज त्या चौकटीपाशी थांबायचे. मला वाटलं, या वयात कशाला दुखवायचं. तो निर्णय आजही मला सर्वस्वी चूक वाटत नाही, आणि तू त्यावरून मला काही बोललीस तर मी ऐकून घेणार नाही. पण त्यांच्या अंत्यविधीच्या पत्रिकेवर तो वृक्ष छापला होता. पुढे घरच्यांनी तो इंटरनेटवर चढवला. तिथून कुणीकुणी उचलला असेल कोण जाणे. तुला मिळालेला तो तयार वृक्षसुद्धा असाच कुणीतरी प्रेमाने केलेला असेल. माझाही प्रेमानेच केलेला होता.

खरा टॉमस मला जमीन कराच्या याद्यांत मिळाला. १७८० ते १८३२ पर्यंत वर्षागणिक मालक कोण, वहिवाटदार कोण, हे त्यांत आहे. भट्टी म्हणून लिहिलेलं नसतं. पण आकारलेली रक्कम सहसा वर्षानुवर्षं तीच राहते, तीच त्या जागेची खूण. त्या रकमेवर बोट ठेवून मी एकेक वर्ष खाली आलो. आधी एक लोहार, भलत्याच आडनावाचा. मग त्याची विधवा. आठ वर्षं विधवा. मग टॉमस. विधवेच्या मृत्युपत्रात उलगडा झाला: टॉमस तिच्या बहिणीचा मुलगा, वीस मैलांवरून आणलेला, आणि ऐरण, भाता, शेगडा सगळं त्याला. मी आधीच ऐरणीच्या मागे गेलो असतो तर एका सकाळचं काम होतं. आडनावाच्या मागे गेलो म्हणून सहा वर्षं आणि एक खोटी चौकट.

हा म्हातारा एकच गोष्ट उगाळतो असं तुला वाटत असेल. मग हेही ऐक. माझे वडील कराडजवळच्या एका गावात लोहारकाम करायचे. मी १९६९ मध्ये इकडे आलो आणि कारखान्यात टूलरूममध्ये लागलो. १९७६ मध्ये वडील गेले. थोरल्या भावाचं पत्र आलं, भाता नि ऐरणीचं काय करायचं? मी दोन ओळी लिहिल्या: तुला वाटेल ते कर, मला त्यातलं काही नको. भावाने सगळं सामान वडिलांसमोर वीस वर्षं घण मारणाऱ्या गड्याला दिलं. तो आमच्या नात्याचा नव्हता, जातीचाही नव्हता. पुढे गावचे फाळ त्याने पाजवले, विळे-कुऱ्हाडी त्याने केल्या. आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ हेळव्याच्या, गावोगाव फिरून वंशावळी राखणाऱ्याच्या, वहीत आहे. त्यात मी आहे, ज्याने गावासाठी एक खिळाही केला नाही. तो नाही. मी त्याला कधी पत्र पाठवलं नाही. आठवड्याचा पगार, दोन लहान पोरं, रात्रपाळ्या, हे सगळं खरं होतं. पण एका पत्राला त्यातलं काहीच आड येत नव्हतं. आता तोही नाही.

म्हणून तू ‘घराणं संपलं’ असं लिहिलेलं मला सहन होत नाही.

इंग्लंडच्या गावात हेळवी नाही, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांसारखी वही नाही. घराणं म्हणून घराण्याची नोंद तिथे कुणी ठेवलेली नसते. कारागीर दिसतो तो कुणीतरी पैसे दिले, घेतले किंवा त्याला हुसकावायला बघितलं त्या कागदात. त्यातला सगळ्यात बोलका कागद म्हणजे सेटलमेंटची तपासणी. माणूस गरिबीला लागला की त्याला कुठल्या पॅरिशने पोसायचं हे ठरवायला मॅजिस्ट्रेट त्याची जबानी घ्यायचे: जन्म कुठे, उमेदवारी कुणाकडे, किती वर्षं, मग कुठे राबलास. उमेदवारी जिथे केली तिथला हक्क मिळत असे, म्हणून हा प्रश्न हटकून विचारलेला असतो. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्याचं अर्धं चरित्र एका कागदावर. तुझ्या गावच्या चर्चच्या कागदांच्या पेटीत अशा किती जबान्या आहेत ते तू पाहिलेलंच नाहीस. उमेदवारीच्या करारांवरच्या कराची पुस्तकं क्यूला आहेत, १७१० पासूनची. पण त्यांत फार वेळ घालवू नकोस. बाप मुलाला शिकवतो तेव्हा करार कुठला आणि कर कुठला?

तुझ्या काउंटीची १७७७ ची मिलिशियाची, म्हणजे स्थानिक राखीव फौजेची, यादी छापलेली आहे. गावोगावचे अठरा ते पंचेचाळीस वयाचे पुरुष, धंद्यासकट. तुझ्या गावच्या यादीत त्या वर्षी लोहाराच्या हाताखाली कोण आहे ते बघ. तुझं १८०१ चं आडनाव तिथेच कुठे लपलेलं असेल तर? टाइदच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या, नकाशाची वाट बघू नकोस. इथल्या बहुतेक गावांत इन्क्लोजरच्या, म्हणजे सामाईक शेतं कुंपणं घालून वाटून दिली त्या, वेळीच टाइदच्या बदल्यात जमीन देऊन तो हिशेब मिटवला, त्यामुळे तसा नकाशा झालाच नाही. इन्क्लोजरचा निवाडा माग. १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत मंजूर व्हायची. त्यांत विधवांची आधी वाच.

प्रबंधाची तारीख जवळ आली आहे हे मला कळतं. एवढं करून ती सतरा वर्षं नाही भरली, तर तिथे फट आहे असं सरळ लिही आणि खाली सही कर. तयार वृक्षातली एक रेघही उचलू नकोस. तुझे मार्गदर्शक काही म्हणाले तर माझ्याशी बोलायला सांग.

मंगळवारी मी नॉर्दॅम्प्टनला वूटन हॉल पार्कच्या अभिलेखागारात असेन. चर्चच्या जमाखर्चाची वही मागवून ठेवतो. तू आजवर त्यातलं १८०१ चं एकच पान पाहिलंस. लोहाराला दर वर्षी पैसे दिलेले असणार, कडीला, कुलपाला, घंटेला. पेन्सिल आण, पेन आत नेऊ देत नाहीत. तू १७८४ पासून खाली ये, मी १८०१ पासून वर येतो.

तुझा,
काका