भिशीचे साठ हजार : गेमिंग कन्सोल घ्यावा की संगणक?

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आपले लेथचे छोटे वर्कशॉप आहे, भिशीचे साठ हजार रुपये हाती आले आहेत, अकरावीतील चिरंजीवांना सुमारे पंचावन्न हजारांचे प्लेस्टेशन ५ (टीव्हीला जोडून खेळायचा गेमिंग कन्सोल) हवे आहे आणि घरातील दहा वर्षांपूर्वीचा संगणक आता रडतखडत चालतो. या पैशांत कन्सोल घ्यावा की संगणक, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की या वर्षी संगणकच घ्यावा.

मात्र चिरंजीवांचे म्हणणे चुकीचे नाही, हे आपण त्यांना आवर्जून सांगावे. केवळ खेळापुरते पाहिले तर कन्सोलच स्वस्त पडतो, कारण तेच खेळ तितक्याच सफाईने चालवणारा संगणक ग्राफिक्स कार्ड धरून बराच महाग होतो. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या यंत्रावर नफा कमी ठेवतात, प्रसंगी तोटाही सोसतात, आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातून व सदस्यत्वातून तो भरून काढतात. त्यामुळे दुकानात वाचलेली रक्कम नंतर थोडी थोडी करून आपल्याच खिशातून जाते. गाजलेला नवा खेळ पाच हजारांच्या घरात असतो. वर्षाला असे तीन खेळ धरले तरी चार वर्षांत साठ हजार होतात, म्हणजे यंत्रासह एक लाख पंधरा हजार. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळण्यासाठी बहुतेक विकतच्या खेळांना लागणारे सदस्यत्व यात धरलेले नाही. डिस्क चालणारा कन्सोल असेल तर जुन्या डिस्क घेऊन आणि खेळून झालेल्या विकून हा खर्च बराच खाली आणता येतो. डिस्क ड्राइव्ह नसलेले स्वस्त मॉडेल घेतल्यास ती वाट बंद होते. पुढे कधी कन्सोल घेतलाच, तर दहा हजार वाचवण्यासाठी ते मॉडेल घेऊ नये.

थांबलो तर किंमत उतरेल, या हिशेबावरही विसंबू नये. डिस्कवाले प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांवर गेले.

आता आपल्या घराची गरज पाहू. विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि इतक्या जुन्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे करत राहणे मला धोक्याचे वाटते. शिवाय चिरंजीव अभियांत्रिकीकडे वळले, तर दीड-दोन वर्षांत त्यांना ऑटोकॅडसारखी आराखडे काढण्याची सॉफ्टवेअर लागतील, आणि ती कन्सोलवर चालत नाहीत. म्हणजे कन्सोल घेतला तरी संगणकाचा खर्च टळत नाही, केवळ पुढे ढकलला जातो, आणि तो नेमका कॉलेजच्या फीबरोबर समोर येतो.

म्हणून चाळीस-पंचेचाळीस हजारांत बसेल असा असेंबल्ड डेस्कटॉप घ्यावा, त्यासाठी कोल्हापुरातीलच दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन मागवावे. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असावी. पुढे ग्राफिक्स कार्ड बसवता येईल इतक्या क्षमतेचा एसएमपीएस (संगणकाच्या आतील भागांना वीज पुरवणारा भाग) आताच घ्यावा. त्यासाठीचे जादा पैसे मी वाया गेलेले मानणार नाही. ही सोय चिरंजीवांसाठी आहे, कारण बारावीनंतर त्यांच्या आवडीचे खेळ याच संगणकावर चालवता येतील आणि संगणकावरचे खेळ सवलतीच्या काळात पुष्कळदा निम्म्या किमतीतही मिळतात. यूपीएस मात्र विसरू नये. उरलेली रक्कम चिरंजीवांच्या नावाने आवर्ती ठेवीत भरत राहावी.

बिल वर्कशॉपच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. व्यवसायासाठी वापरलेल्या संगणकावर आयकरात ४० टक्के दराने घसारा (वस्तूच्या घटत्या किमतीची वजावट) मिळतो. खरेदीच्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. आपण अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानून) विवरणपत्र भरत असाल तर हा घसारा वेगळा मागता येत नाही, आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत) असाल तर इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही, मिळत नाही. घरगुती वापराचा वाटा व्यवसायाच्या खर्चात दाखवू नये. तो किती धरायचा, हे आपल्या सीएंना खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

शेवटी दुकानदार 'नो कॉस्ट ईएमआय' सुचवेल. त्यात व्याजाइतकी सूट दिलेली असली तरी क्रेडिट कार्डावर घेतल्यास त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही आपल्यालाच भरावे लागते. भिशीचे पैसे हाती असताना ते नाकारावे आणि एकरकमी किमतीवर घासाघीस करावी.