दुधाळ द्रावणाचं ‘ॲब्सॉर्बन्स’ म्हणजे खरं शोषण का? विखुरणं वेगळं कसं मोजायचं?

नाही. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर फक्त सरळ पार गेलेला प्रकाश मोजतो. बाजूला विखुरलेला प्रकाशही त्याच्या हिशोबी ‘शोषला गेला’. ६०० नॅनोमीटरला पातळ केलेल्या दुधाचा आकडा जवळजवळ सगळा विखुरण्याचाच असतो.

दोन्ही वेगळे करायला इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा, आतून पांढरा पोकळ गोळा) लागतो. नमुना १-२ मिमी जाडीत दोन काचांमध्ये भरा. एकूण परावर्तन आणि एकूण पारगमन मोजा. तुलनेसाठी ९९ टक्के परावर्तनाची पांढरी प्रमाण-चकती आधी मोजून घ्या. हे दोन आकडे, जाडी, नमुन्याचा आणि काचेचा अपवर्तनांक ‘इनव्हर्स ॲडिंग-डबलिंग’ प्रोग्रॅमला (मोजलेल्या आकड्यांवरून उलटं गणित करून गुणांक काढणारा) द्या. त्यातून शोषण गुणांक आणि न्यूनीकृत विखुरण गुणांक, μs(1−g), मिळतो. इथे μs म्हणजे विखुरण गुणांक, आणि g म्हणजे विखुरलेला प्रकाश सरासरी किती पुढच्या दिशेने जातो त्याचं माप. μs आणि g सुटे हवे असतील तर सरळ पारगमनही मोजावं लागतं.

बहुतेकांचं गणित कडेला चुकतं. प्रकाश नमुन्यात आडवा पसरून पोर्टबाहेर (गोळ्याच्या छिद्राबाहेर) निसटला, की प्रोग्रॅम तो शोषणात धरतो. म्हणून प्रकाशाची शलाका ३-५ मिमी, पोर्ट २० मिमीच्या पुढे. शोषण अगदी कमी असेल तर एवढं करूनही आकडा फुगतो.

पडताळणी स्वस्त आहे: इंट्रालिपिडमध्ये (शिरेतून देतात ते दुधाळ तेलाचं मिश्रण) थेंबभर काळी शाई घाला, मग शाई दुप्पट करा. शाईमुळे वाढलेलं शोषण दुप्पट व्हावं, विखुरणं जवळपास तेवढंच राहावं.