सोसायटीच्या सभेत लोकांना पटेल असं भाषण कसं लिहावं आणि न घाबरता कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडच्या तुमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतात. यंदाच्या वार्षिक सभेत गच्चीवरचं पावसाचं पाणी अडवण्याचा विषय मांडायचाय, पण चार माणसांपुढे उभं राहिलं की घसा कोरडा पडतो. मी ठाण्यातच, नौपाड्यात राहते. आमच्याकडे ओल्या कचऱ्याचं खत करण्याचा ठराव मी दोनदा मांडला. एकदा तो पडला, दुसऱ्यांदा मंजूर झाला. दोन भाषणांत काय फरक होता तेवढं सांगते.

पहिल्या वेळी चार पानं लिहून नेली होती. पर्यावरण, डम्पिंग ग्राउंड, पुढची पिढी, सगळं त्यात होतं. वाचून झालं आणि तळमजल्यावरच्या एका काकांनी विचारलं, "ड्रम माझ्या खिडकीखाली येणार. वास आला तर?" हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. वाचताना ठीक असलेला आवाज त्या क्षणी कापायला लागला.

पुढच्या वर्षी लिहायला बसण्याआधी पंधरा दिवस मी लिफ्टपाशी, जिन्यात लोकांना विचारत होते, "यात तुम्हाला काय नको वाटतं?" वास, उंदीर, खर्च, आणि रोज ढवळणार कोण. मग भाषणाची सुरुवातच काकांच्या प्रश्नाने केली. ओलं जास्त झालं आणि हवा खेळली नाही की वास येतो. वाळका पाला किंवा भुसा मिसळत राहिलं तर सहसा येत नाही. तरीही आलाच तर ड्रम हलवायचे, ही अट ठरावातच घातली. त्या दिवशीही मला भीती वाटत होती, पण कोणी काय विचारणार ते ठाऊक असल्यामुळे पाय डगमगले नाहीत.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी केलेलं भाषण मिळवून वाचा. पटवून देणं कसं असतं हे मला त्यातून कळलं. संविधान सभेने फार वेळ लावला, पैसा वाया घालवला, अशी टीका होत होती. बाबासाहेब ती टीका स्वतःच मांडतात आणि मग इतर देशांचा हिशेब पुढे ठेवतात: अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. म्हणजे आपल्याहून कमी वेळात काम उरकणारे देश होते, हे तेच सांगतात. त्यानंतर दाखवतात की आपल्या संविधानात 395 कलमं आहेत, अमेरिकेच्या मूळ संविधानात फक्त 7. आणि आपल्या सभेला 2,473 दुरुस्त्यांचा विचार करावा लागला, त्या देशांपुढे ही अडचण नव्हती. विरोधकाच्या म्हणण्यातलं जे खरं आहे ते आधी मान्य केल्यामुळे पुढचा युक्तिवाद ऐकावासा वाटतो.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गच्ची 500 चौरस मीटरची धरली तर साडेबारा लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असं समजा, तरी दहा लाख उरतात, म्हणजे दहा हजार लिटरचे 100 टँकर. सभेत लाखातले लिटर सांगू नका, टँकर सांगा. ते सगळ्यांनी गेटवर उभे असलेले पाहिलेत.

लगेच कोणीतरी म्हणेल, "पाऊस जूनमध्ये, टँकर एप्रिल-मेमध्ये. आणि खाली काळा खडक, मुरवलेलं सगळं आपल्याच बोअरला थोडंच येणार?" त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून 100 टँकर वाचतील असं चुकूनही म्हणू नका. पावसाळ्यात फ्लशला आणि बागेला हे पाणी नक्की वापरता येईल, बोअरला किती फायदा होईल ते भूजलाच्या जाणकाराला जागा दाखवून ठरवू, असं सांगा. फुगवलेला एक आकडा सभेतल्या इंजिनिअरने पकडला की तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मागणीही छोटी ठेवा. पूर्ण खर्चाला मंजुरी मागू नका. तीन कोटेशन मागवून दोन महिन्यांत विशेष सभा घ्यायची, एवढाच ठराव. वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी निघते, तिच्यात विषय यावा म्हणून सेक्रेटरींना आजच लेखी द्या. नाहीतर तो आयत्या वेळच्या विषयांत जातो, आणि तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. अनुमोदन कोण देणार तेही आधी ठरवून ठेवा.

बोलण्याबद्दल. पाच मिनिटं पुरे. मी मिनिटाला शंभरेक शब्द बोलते, म्हणजे पाचशे शब्द. आधी पूर्ण लिहा, पण घरात बोलतो तसं. 'सदर प्रस्तावाच्या अनुषंगाने' असलं काही लिहिलं की जीभ अडखळणारच. सकाळी कचराळी तलावाभोवती चालताना मी माझं भाषण मोठ्याने म्हणायचे आणि जिथे श्वास पुरला नाही ते वाक्य घरी येऊन तोडायचे. आठवड्याने पानं बाजूला ठेवली आणि जाड कार्डावर फक्त पाच शब्द लिहिले. पातळ कागद हातात थरथरताना दिसतो, कार्ड दिसत नाही. तोंडपाठ करा ती पहिली दोन वाक्यं आणि ठरावाचं वाक्य. उभं राहिल्यावर दोन्ही पाय नीट टेकवा आणि एक श्वास अगदी हळू सोडून मगच सुरुवात करा. पहिलं मिनिट छातीत धडधडतं, माझ्या अजूनही धडधडतं. त्या मिनिटासाठीच ती दोन वाक्यं पाठ हवीत.

खजिनदारांकडून गेल्या मार्च ते जूनची टँकरची बिलं मागून घ्या आणि बेरीज करून ती फ्लॅटच्या संख्येने भागा. पहिलं वाक्य त्या आकड्यावरून लिहा आणि इथे खाली टाका. मी मोठ्याने वाचून बघते आणि सांगते.