लागोसला येताय? आधी फाशोला कोण ते समजून घ्या

तुमचा प्रश्न असा: लागोसच्या कारखान्यात नोकरी मिळतेय, मुलाखतीत 'फाशोलांच्या काळात' असं दोनदा कानावर आलं, तर हे गव्हर्नर कोण आणि आपलं घर, पगार, गाडी यांच्याशी त्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे.

गव्हर्नर म्हटलं की आपल्या राजभवनातले राज्यपाल डोळ्यांसमोर येतात, ते विसरा. नायजेरियात ३६ राज्यं आहेत, लागोस त्यातलंच एक. प्रत्येकाचा गव्हर्नर थेट मतदानातून चार वर्षांसाठी निवडला जातो, जास्तीत जास्त दोनदा. राज्याचं अंदाजपत्रक, शाळा, राज्याचे रस्ते हे सगळं त्याच्याकडे. १९७८च्या कायद्याने राज्यातली जमीनही त्याच्याच ताब्यात आहे, त्यामुळे खरेदीखत झालं तरी 'गव्हर्नर्स कन्सेंट' मिळेपर्यंत व्यवहार कच्चा. पोलीस मात्र केंद्राचे. लागोसचा पोलीस आयुक्त राजधानी अबुजाचं ऐकतो. तुमचा व्हिसा आणि राहण्याचं कार्ड, म्हणजे सर्पॅक, तेही केंद्राचंच. त्या कामासाठी राज्य सरकारच्या कचेरीत खेटे घालून उपयोग नाही.

बाबातुंडे फाशोलांचा जन्म २८ जून १९६३चा, लागोसमधलाच. बेनिन विद्यापीठातून १९८७ मध्ये कायद्याची पदवी, पुढच्या वर्षी वकिलीची सनद, २००४ मध्ये 'सीनियर ॲडव्होकेट ऑफ नायजेरिया' हा मान. तेव्हाचे गव्हर्नर बोला तिनुबू (हेच २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले) यांनी त्यांना २००२ मध्ये चीफ ऑफ स्टाफ केलं आणि २००७ मध्ये आपल्या जागी उभं केलं. फाशोला २९ मे २००७ ते २९ मे २०१५ गव्हर्नर होते. राजकीय घराणं तिनुबूंचं, पण कारभाराची शिस्त फाशोलांची, असं मला वाटतं.

आता कर. तिनुबूंनी नवे स्थानिक विभाग पाडले म्हणून २००४ मध्ये अबुजाने लागोसच्या स्थानिक संस्थांचा निधी अडवला. तो २००७ मध्ये सुटला, पण तोवर लागोस स्वतःच्या करावर जगायला शिकलं होतं. फाशोलांनी तीच वसुली आणखी घट्ट केली. पगारावरचा कर तुम्ही ज्या राज्यात राहता त्या राज्याला जातो, म्हणजे तुमचा एलआयआरएसला, म्हणजेच लागोस राज्याच्या करखात्याला. जानेवारी २०२६ पासून वर्षाच्या पहिल्या ८ लाख नायरांवर (नायरा हे इथलं चलन) कर शून्य आहे आणि सर्वांत वरच्या टप्प्याचा दर २५ टक्के. भरलेल्या भाड्याच्या २० टक्के वजावट मिळते, कमाल ५ लाख नायरा, तेव्हा पावत्या जपा. गोंधळ होतो तो कंपनी अर्धा पगार बाहेर डॉलरमध्ये देते आणि इथे थोडाच दाखवते तिथे. परदेशी माणसाचा दाखवलेला पगार पदाच्या मानाने कमी वाटला, तर करखातं आपल्या अंदाजाने आकारणी करून मोकळं होतं. कंपनीने भरो न भरो, दरवर्षी टॅक्स क्लिअरन्स प्रमाणपत्र मागून घ्या. त्यात मागच्या तीन वर्षांचा हिशेब असतो.

घराच्या बाबतीत फाशोलांचा २०११चा भाडेकरू कायदा महत्त्वाचा. नव्या भाडेकरूकडून एक वर्षापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागणं हा गुन्हा आहे. दंड १ लाख नायरा किंवा तीन महिने कैद. छान वाटतं ना? पण त्याच कायद्यात सुरुवातीलाच अपापा, इकेजा जीआरए, इकोई आणि व्हिक्टोरिया आयलंड हे चार भाग वगळले आहेत. परदेशी लोकांना कंपन्या घरं देतात ती बहुतेक तिथेच! त्यामुळे इकोईचा मालक दोन वर्षांचं भाडं एकरकमी मागतो तेव्हा तो कायदा मोडत नसतो. इलुपेजूत, जिथे भारतीय शाळा आहे आणि आपली बरीच कुटुंबं राहतात, कायदा लागू आहे. मागणी तरीही होते. भाड्यावर एजंटाचे नि वकिलाचे साधारण दहा-दहा टक्के, शिवाय अनामत. करार कंपनीच्या नावे करा, म्हणजे नोकरी मध्येच सुटली तर भरलेलं भाडं तुमच्या खिशातून गेलेलं नसेल.

रस्त्यांवर फाशोलांची छाप सगळ्यात ठळक दिसते. मार्च २००८ मध्ये माइल १२ या भागापासून लागोस आयलंडपर्यंत बसची वेगळी मार्गिका सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये त्या मार्गिकेतून गाडी दामटणाऱ्या लष्कराच्या एका कर्नलला फाशोलांनी स्वतः उतरून अडवलं होतं. लष्कराच्या गाडीला हात लावायची इथे कोणाची छाती नसते, म्हणून लोक तो प्रसंग अजून सांगतात. त्याच वर्षीच्या वाहतूक कायद्याने गाडी चालवताना खाणं नि फोन बंद झाले. उलट दिशेने गाडी घातलीत तर ती जप्त होऊन लिलावात जाऊ शकते, ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी हे बजावून ठेवा. आणि 'ओकाडा', म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, १ जून २०२२ पासून इकेजा, अपापा, एती-ओसासह सहा भागांत बंद आहे. ती बंदी सध्याचे गव्हर्नर संवो-ओलू यांची, फाशोलांची नव्हे. मागे बसलेल्यालाही पकडतात.

२०१५ नंतर फाशोला केंद्रात वीज, बांधकाम आणि गृहनिर्माण मंत्री झाले. पुढे २०१९ ते २०२३ वीज सोडून बाकी खाती. वीजमंत्री लागोसचा असूनही लागोसच्या जनरेटरांची घरघर काही थांबली नाही. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी डिझेल कोण भरणार ते लेखी घ्या.

सध्याचे गव्हर्नर बाबाजिदे संवो-ओलू. मेट्रोची निळी मार्गिका त्यांच्याच काळात सप्टेंबर २०२३ पासून प्रवासी नेऊ लागली, मरीना ते माइल २, १३ किलोमीटर. त्यांची दुसरी मुदत मे २०२७ मध्ये संपते. मतदानाच्या दिवशी खासगी वाहनांना रस्ते बंद असतात, त्या तारखांना विमानाचं तिकीट काढू नका.

आरोग्याचं एकच सांगतो. जुलै २०१४ मध्ये विमानाने आलेल्या एका रुग्णाबरोबर इबोला लागोसला पोहोचला. संपर्कातल्या माणसांचा घरोघरी माग काढल्यामुळे देशभरात २० रुग्ण आणि ८ मृत्यू एवढ्यावर साथ आटोक्यात आली, ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त जाहीर झाला. तुमची काळजी इबोलाची नको, पिवळ्या तापाच्या लशीची हवी. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. सुट्टीला मुंबईत उतरताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.