रात्री तीन वाजताचा ऑक्सिमीटर

वाचकांचे प्रश्न, डॉक्टर ताईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई. मी मानेवाड्याला राहते, वय ४१. ऑगस्टमध्ये पावसात रिंग रोडवर गड्ड्यात गाडी स्लिप झाली आणि डावा घोटा मोडला, पाच आठवडे प्लास्टर. त्यातच महालक्ष्म्या आल्या, आमच्याकडे मोठ्या असतात, मग पाळी नको म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या, दरवर्षीच घेते. प्लास्टरच्या आत पोटरी ठणकायची, मला वाटलं प्लास्टर टाइट झालं असेल. मग एक दिवस पलंगावरून बाथरूमपर्यंत गेले तरी धाप लागायला लागली. एका दवाखान्यात दाखवलं, त्यांनी ॲसिडिटी आहे आणि टेन्शन फार घेता म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्येच चक्कर येऊन पडले, मग सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) झाला तर दोन्ही फुफ्फुसांत क्लॉट, पायातून वर गेलेल्या रक्ताच्या गाठी. चार दिवस आयसीयू, पोटात इंजेक्शनं, आता रक्त पातळ ठेवणारी रिव्हॅरोक्सॅबॅनची गोळी सुरू आहे. दहा आठवडे झाले.

सगळे म्हणतात थोडक्यात वाचलीस, आता बरी आहेस. पण रात्र झाली की मला झोपायचीच भीती वाटते. ऑक्सिमीटर उशीखाली असतो, रात्रीतून वीसदा तरी लावते. परवा थंडीत एकदा ९३ दाखवलं तर ह्यांना उठवलं आणि तीन वाजता गाडी काढून कॅज्युअल्टीत गेलो, तिथं सगळं नॉर्मल. असं तीनदा झालं. हे काही बोलत नाहीत पण कंटाळून राहिले ते कळतं. रोज टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजते, उजवी एक सेंटिमीटर जास्त भरते, आता त्या पायात पण झालं का? एक मजला चढले की अजून धाप लागते. पाळीत खूप जातं. सासूबाई म्हणतात लसूण खा, रक्त पातळ होतं, या गोळ्या कशाला. जानेवारीत मुलीकडे पुण्याला जायचं आहे. हे परत होईल का? मी वेडी होऊन राहिली का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : पोटरीपासूनच सुरू करते कारण तिथं लगेच सुटका होण्यासारखी आहे. टेपनं पोटरी मोजणं हा काही वेडेपणा नाही, आम्हीही मोजतो, गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो ना त्याच्या दहा सेंटिमीटर खाली, आणि दोन पायांत तीन सेंटिमीटरच्या वर फरक असला तर कान टवकारतो. तुमचा फरक एकचा. आणि तुमचा डावा पाय पाच आठवडे प्लास्टरमध्ये होता, प्लास्टरमधून निघालेला पाय काडीसारखा होतो हे तर आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. उजवी सुजली नाहीये, डावी वाळली आहे. टेप शिवणाच्या डब्यात परत ठेवा.

आता तुम्ही जे विचारलं नाही पण सगळ्या पत्रात आहे ते. तुम्हाला धाप लागली, तुम्ही सांगितलं, आणि एका शहाण्या माणसानं टेन्शन आहे म्हणून घरी पाठवलं. ते टेन्शन नव्हतं. त्यामुळे आता कोणी, अगदी मीसुद्धा, टेन्शन घेऊ नका म्हटलं की तुमच्या मनात आतून कोणीतरी म्हणतं, मागच्या वेळी पण हेच म्हणाले होते. मला यात वेड कुठंच दिसत नाही. ज्या शरीरानं एकदा गुपचूप दगा दिला त्याच्यावर पहारा ठेवणं साहजिकच आहे, फक्त पहारेकरी आता मांजर गेलं तरी शिट्टी वाजवून राहिला आहे आणि घरात कोणाचीच झोप होत नाहीये.

आणि पहाऱ्याला तुम्ही जे यंत्र दिलंय ते या कामाचं नाहीच. कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि आपल्याला वाटायला लागलं की फुफ्फुसाचं सगळं त्या चिमट्यात दिसतं. क्लॉट असूनही आकडा ९८ येऊ शकतो, आणि क्लॉट नसताना बोटं गार पडली, नेलपॉलिश असलं, हात हलला तर ९३ दाखवू शकतो. नोव्हेंबरअखेर नागपूरची रात्र, पहाटे तीन, पांघरुणाबाहेर काढलेला हात, ९३ नाही दाखवणार तर काय. म्हणजे चांगला आकडा आला तर त्यावर भरवसा नाही आणि वाईट आला तर जिवाला घोर, असं यंत्र उशीखाली कशाला? मिस्टरांना द्या, कपाटात कुलूपबंद. तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम रोज मोजायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, मग दिवसातून एकदा, दुपारी, हात चोळून गरम करून.

त्याऐवजी हे करा. दिवसाउजेडी, चहा पिता पिता, दोघांनी बसून एका कागदावर लिहा की कशाकशासाठी दवाखान्यात जायचंच. मी सांगते ते लिहा आणि पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांकडून त्यावर सही करून घ्या. बसल्याजागी अचानक वाढलेली धाप की वाक्य पूर्ण बोलता येत नाही. श्वास आत घेताना छातीत नवीन, सुरी खुपसल्यासारखी कळ. खोकल्यातून रक्त. चक्कर येऊन पडणं. एकाच पायाला नवीन सूज आणि ठणका. आणि गोळी रक्त पातळ ठेवणारी आहे म्हणून डोक्याला मार लागला तर, बाहेरून काही दिसत नसलं तरी, किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली तर, किंवा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल तर. यातलं एकही असलं की विचार करत बसायचं नाही, १०८ लावायचा किंवा गाडी काढायची, मग ती चौथी वेळ असो की चाळिसावी, आणि मिस्टरांनीही तोंड वाकडं करायचं नाही. कागद फ्रीजवर चिकटवा.

रात्री जाग आली की आधी लाइट लावायचा, उठून बसायचं आणि कागद आठवायचा. त्यातलं काही नसेल तर किचनपर्यंत चालत जा, घोटभर पाणी प्या, परत या, श्वास आत घेतला त्याच्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा, वीस मिनिटं द्या. भीतीची लाट सहसा दहाएक मिनिटांत चढते आणि मग उतरायला लागते. वीस मिनिटांनी तसंच असेल किंवा वाढलं असेल तर जा. निर्णय दिवसाच झालेला आहे, रात्री फक्त कागद वाचायचा आहे, कारण रात्री तीनला कोणाचंच डोकं धड चालत नाही, माझंही नाही.

आता धाप. बहुतेकांना वाटतं गोळीनं क्लॉट विरघळतो. नाही, गोळी फक्त त्याला वाढू देत नाही आणि नवीन होऊ देत नाही, आधीचा क्लॉट शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय तुम्ही प्लास्टर आणि आयसीयू धरून दीडदोन महिने झोपूनच होता, दम गेला आहे तो कमवावा लागेल. पण एक गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली : पाळीत खूप जातं. रिव्हॅरोक्सॅबॅनवर बऱ्याच बायकांना हे होतं आणि त्या कोणाला सांगत नाहीत. रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन उतरलं असेल तर जिन्यावर धाप लागणारच, फुफ्फुसात काही नसलं तरी. या आठवड्यात रक्ताच्या दोन तपासण्या, सीबीसी (हिमोग्लोबिन कळतं) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), करून घ्या, आणि किती पॅड लागतात ते डॉक्टरांना आकड्यात सांगा, लाजू नका, त्यावर उपाय आहेत. गोळी मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही.

चालायला लागा. घराच्या गल्लीत, मग जवळच्या बागेत, आज इलेक्ट्रिकच्या तीन खांबांपर्यंत, चार दिवसांनी पाच खांबांपर्यंत. जिना चढताना किती पायऱ्यांनंतर थांबावं लागलं ते कॅलेंडरवर लिहा. हा आकडा त्या ऑक्सिमीटरपेक्षा खूप खरा आहे. चढता आकडा असला की समजा गाडी रुळावर आहे. तीन महिने पूर्ण होऊनही पायऱ्या तेवढ्याच राहिल्या किंवा कमी झाल्या तर टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि गरज पडली तर व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठं पोचतं ते बघणारा) करतात, कारण शंभरात दोन-चार जणांच्या फुफ्फुसात जुना क्लॉट व्रणासारखा चिकटून बसतो आणि हृदयावर ताण आणतो, त्याचेही उपचार आहेत, पण वेळेत सापडायला हवं. म्हणून तीन महिन्यांची अपॉइंटमेंट चुकवू नका.

परत होईल का? रुडॉल्फ विर्खो नावाचा जर्मन डॉक्टर होता, एकोणिसाव्या शतकातला, एम्बोलिझम, म्हणजे गाठ सुटून दुसरीकडे जाऊन अडकणं, हा शब्द त्याचाच. (१३ ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस, त्याच दिवशी जागतिक थ्रॉम्बोसिस (रक्ताच्या गाठी) दिन पाळतात.) गाठ होण्याची तीन कारणं त्याच्या नावानं शिकवतात : रक्त थबकलं, रक्तवाहिनीला इजा झाली, किंवा रक्तच गोठायला उतावीळ झालं. आता तुमचा ऑगस्ट बघा. प्लास्टरमधला न हलणारा पाय, मोडलेला घोटा, आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. तिन्ही एकाच महिन्यात. दरवर्षी त्या गोळ्या घेऊन काही झालं नाही कारण दरवर्षी पाय मोडलेला नव्हता. यात तुमचा दोष शोधत बसू नका, मेडिकलवाले त्या गोळ्या गोळ्याबिस्किटांसारख्या देतात आणि कोणी विचारतही नाही, हा माझा जुना राग आहे. पण यात तुमच्यासाठी चांगली बातमी पण आहे. काहीच कारण नसताना ज्यांना क्लॉट होतो त्यांना गोळी बंद केल्यावर पहिल्या वर्षात दहातल्या एकाला परत होऊ शकतो, तुमच्यासारखं ठसठशीत आणि निघून गेलेलं कारण असेल तर धोका त्याच्यापेक्षा बराच कमी. गोळी कमीत कमी तीन महिने, पुढे किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील. फक्त पाळीच्या आणि गर्भनिरोधक गोळ्या आता विचारल्याशिवाय कधीच नाही, फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवा. पुढे कधी ऑपरेशन, प्लास्टर, काहीही असलं तर आधी हे पान दाखवायचं. टेनिसवाली सेरेना विल्यम्स, तिला २०११ मध्ये हे झालं होतं, २०१७ मध्ये मुलगी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी दम लागला तर तिनं स्वतःच सीटी करा म्हणून हट्ट धरला, आणि निघाले क्लॉट. नर्सला आधी वाटलं होतं औषधांनी गोंधळली आहे. तुम्हीही असा हट्ट धरायचा, तो तुमचा हक्क आहे. (आणि मधल्या २०१२ मध्ये ती विम्बल्डन आणि ऑलिम्पिक दोन्ही जिंकली.)

सासूबाईंना सांगा भाजीत लसूण भरपूर घाला, पण गोळीच्या जागी नाही, आणि लसणाच्या कॅप्सूल किंवा कोणते काढे विचारल्याशिवाय नको. डोकं-अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफिनॅक नाही. अजून एक, आता मार्गशीर्षातले गुरुवार असतील. रिव्हॅरोक्सॅबॅनची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच नीट अंगी लागते, उपाशीपोटी कमी शोषली जाते. तुम्ही सकाळी नाश्त्यानंतर घेत असाल तर गुरुवारी काय करता? डॉक्टरांना विचारून वेळ रोजचीच रात्रीच्या जेवणावर न्या, म्हणजे पूजा, नैवेद्य, जेवण, गोळी. गुरुवारपुरती वेळ मागेपुढे करू नका.

पुण्याला जा. गोळी सुरू असताना अडवायचं काही कारण मला दिसत नाही, तरी तीन महिन्यांची तपासणी करून निघा. समृद्धी झाल्यापासून वेळ वाचतो तरी ट्रॅव्हल्सची रात्र ती रात्रच, त्यापेक्षा ट्रेन बरी, उठून डब्यात चकरा मारता येतात. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी न पिण्याची आपल्या बायकांची सवय असते ना, ती या प्रवासात चालणार नाही. बसल्या बसल्या टाचा वरखाली करा. गोळ्या पर्समध्ये, डिकीतल्या बॅगेत नाही.

हे सगळं करून अजून तीनेक आठवड्यांनी रात्री तशाच जात असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. आपल्या नागपुरात मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना थेट पागलखाना चौकच आठवतो, सोडा ते. आयसीयूतून आलेल्या कितीतरी लोकांना हे होतं आणि बोलून, सरावानं, लागलं तर औषधानं उतरतं. जाताना रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे हे सांगा, काही औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो. घरूनच बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. त्या सकाळी किचनमध्ये तुम्हाला पडलेलं त्यांनीच बघितलं असणार, त्यांना कोणी विचारलं का ते कसे झोपतात?

प्रश्न : बाबांना (६६) पण फुफ्फुसात क्लॉट झाला होता, त्यांना रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम गोळी सुरू आहे. भीतीपोटी आम्ही पालक-मेथी सगळं बंद केलंय, ते रोज चिडतात. बरोबर करतोय का?
— इतवारी

उत्तर : बाबा बरोबर, तुम्ही चूक. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के मुळे या गोळीचा जोर कमी होतो हे खरं, पण डोस हा माणसाच्या रोजच्या जेवणावरच बसवलेला असतो. त्रास होतो तो एकदम बदलानं. महिनाभर पाला बंद आणि मग मेथी स्वस्त झाली म्हणून रोज जुडी, तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) कोलमडणार. आठवड्यातून दोनदा खायचे ना, दोनदाच द्या, वाटीही तेवढीच. आता परत सुरू करताना मात्र डॉक्टरांना सांगा आणि आठवडाभरात आयएनआर बघा, साधारण २ ते ३ मध्ये हवा असतो. अँटिबायोटिक सुरू झालं तरी लवकर तपासायचा. एक वही करा, तारीख, आयएनआर, डोस, आणि ती बाबांनाच लिहू द्या.