बिल्ला मिळाला, आता काम काय?

वाचकांचे प्रश्न : कॅथलिक प्राथमिक शाळांतले विद्यार्थी-गट

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी घरांतली मुलं कॅथलिक प्राथमिक शाळांत जातात. तिथे प्रार्थना आणि समाजसेवेची बरीचशी जबाबदारी मुलांच्याच गटांकडे दिलेली असते. या गटांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलगी इयर फोरमध्ये आहे. तिची ‘मिनी व्हिनीज’मध्ये निवड झाली आणि ती बिल्ला लावून घरी आली. हे नेमकं काय असतं? अभ्यासाचा वेळ जाईल का? – एक आई, रेडिंग

मिनी व्हिनीज म्हणजे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा प्राथमिक शाळेतला गट. वय साधारण सात ते अकरा. मूळ सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांच्या साथीने सुरू केली. वसई-मुंबईच्या धर्मग्रामांतून (एका चर्चच्या परिसरातल्या समाजांतून) आलेल्यांना ती चांगली ठाऊक असेल. गरजू घरी गाजावाजा न करता धान्य, औषधपाणी पोचवणारी मंडळी ती हीच. मुलांच्या गटाची पद्धत तीन पायऱ्यांत मावते : बघा, विचार करा, करा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलंच असतात. बैठक बहुधा जेवणाच्या सुट्टीत होते, त्यामुळे अभ्यास बुडत नाही.

काही शाळांत याशिवाय ‘चॅप्लन्सी टीम’ असते. ती प्रार्थनेचं बघते आणि मिनी व्हिनीज सेवेचं. छोट्या शाळेत एकच गट दोन्ही कामं करतो.

घरी मुलीला “आज काय केलंत?” असं न विचारता “आज काय ठरवलंत?” असं विचारा. दर वेळी उत्तर “मिसने सांगितलं ते” असंच आलं, तर गट निरोप्याचं काम करतो आहे असं समजा.

प्रश्न : आम्ही हिंदू. मुलगा इयर फाइव्हमध्ये आहे आणि त्याला चॅप्लन्सी टीमसाठी अर्ज करायचाय. चालेल का? क्रूसाची खूण करावी लागेल का? पुण्याहून आजी-आजोबा फोनवर रोज हेच विचारतात. – एक वडील, स्लाऊ

या शाळांत इतर धर्मांची मुलं बरीच असतात आणि अनेक शाळा त्यांना टीममध्ये घेतात. निर्णय शाळेचा असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. १९९८ च्या शाळाविषयक कायद्यानुसार पालक आपल्या मुलाला धर्मशिक्षणातून आणि सामूहिक प्रार्थनेतून वगळायला सांगू शकतात, कारण द्यावं लागत नाही. मात्र प्रार्थनेतून वगळायचं आणि प्रार्थना चालवणाऱ्या टीममध्येही घालायचं, हे जमणार नाही. घरी बसून एक काय ते ठरवा.

टीममध्ये गेला तर तो टेबल मांडेल, उतारा वाचेल, आजारी माणसांसाठी स्वतःच्या शब्दांत चार ओळी बोलेल. यात अडचण नाही. क्रूसाची खूण हा त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरच्या) श्रद्धेचा उच्चार आहे, ती त्याच्यावर लादली जाऊ नये. तेवढा वेळ हात जोडून शांत उभं राहिलं की झालं. मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) कम्युनियन, म्हणजे पवित्र केलेली भाकर, तो घेणार नाही. रांगेतून पुढे जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे, म्हणजे धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. नाही तर जागेवर बसून राहावं.

हे सगळं शिक्षिकेला आधीच दोन ओळींत लिहून कळवा. नाही तर भर सभागृहात मुलाला एकट्याला निर्णय घ्यावा लागतो, आणि दहा वर्षांच्या मुलावर ती वेळ आणू नये. आजी-आजोबांना सांगा, सेवेच्या गटाचाही पर्याय आहे. तिथे एकाकी म्हाताऱ्यांना पत्रं लिहायची असतात, त्यावर हरकत घेणारे आजी-आजोबा आम्हाला अजून भेटायचे आहेत.

प्रश्न : मी कॅथलिक प्राथमिक शाळेत शिकवते. सप्टेंबरात बारा मुलांचा गट उत्साहाने सुरू होतो आणि जानेवारीत विस्कटतो. चुकतं कुठे? – एक शिक्षिका, बर्मिंगहॅम

बहुतेक ठिकाणी पहिल्या सत्रातच चुकतं. हार्वेस्टचं (सुगीच्या सणाचं) धान्य, ऑक्टोबरातला ‘कॅफोड’ या कॅथलिक मदत-संस्थेचा उपवास-दिवस, नोव्हेंबरात मृतांसाठी प्रार्थना, आगमनकाळात (नाताळापूर्वीच्या आठवड्यांत) भेटवस्तूंची खोकी. चारही गोष्टी शाळेने आधीच ठरवलेल्या असतात. मुलं डबे गोळा करतात आणि पोस्टर रंगवतात. जानेवारीत कॅलेंडर रिकामं होतं आणि मुलांना स्वतः काही शोधायची सवय लागलेलीच नसते. म्हणून एका सत्रात मुलांनी निवडलेलं एकच काम ठेवा. बाकीचे ठरलेले कार्यक्रम शाळेच्या नावावर चालू देत.

बारा जण जास्त होतात, आठ ते दहा पुरे. सगळे इयर सिक्सचे घेऊ नका. मे महिन्यात त्यांच्या सॅट्स परीक्षा असतात, जुलैत ती शाळा सोडतात आणि सगळा अनुभव त्यांच्याबरोबर जातो. इयर फाइव्हचे चार, फोरचे तीन, सिक्सचे तीन हे प्रमाण बरं पडतं. ईस्टरनंतर सिक्सवाल्यांनी काम हळूहळू पाचवीवाल्यांच्या हाती द्यायचं.

निवडीसाठी वर्गात मतदान घेतलं की लोकप्रिय मुलं येतात. अर्ज लिहून मागितले की सुवाच्य अक्षरवाली येतात. त्यापेक्षा इच्छुकाशी दोन मिनिटं बोला आणि दोनच प्रश्न विचारा : शाळेत किंवा आसपास कोण एकटं पडतं असं तुला दिसलंय? त्यावर तू काय करशील? वर्गात सहसा न बोलणारी मुलं इथे पुष्कळदा पुढे निघतात.

बैठक दर आठवड्याला, ठरल्या वारी, ठरल्या खोलीत, पंचवीस मिनिटं. प्रार्थनेला दोन मिनिटं, मागच्या कामांचा हिशेब पाच, बघणं आणि विचार दहा, निर्णय पाच, आणि कोण काय कधी करणार हे लिहून घ्यायला तीन. मुलं उशिरा येतात याचं कारण बहुधा जेवणाची रांग असते. डबेवाली मुलं वेळेवर पोचतात, गरम जेवणवाली अडकतात. रांगेत पुढे जायचा पास द्या, निम्मी कटकट संपते.

सगळ्यात जास्त घाई ‘विचार करा’ या पायरीवर होते. मुलांना मैदानात कुणी एकटं दिसलं की लगेच ‘फ्रेंडशिप बेंच’ सुचतं. बाक येतो, रंगवला जातो, आणि त्यावर कुणी बसत नाही, कारण तिथे बसणं म्हणजे “मला मित्र नाही” असं अख्ख्या मैदानाला सांगणं. मुलांनी आधी विचारायला हवं होतं : त्रास कुणाला होतो? त्यांना आपण विचारलं का? कारण काय? आधीपासून कुणी काही करतंय का? हे चार प्रश्न विचारले की उपाय बदलतो. गटातली दोन मुलं रोज सुट्टीच्या सुरुवातीला लांब दोरी घेऊन ठरल्या कोपऱ्यात उभी राहतात, कुणीही यावं आणि उडी मारावी. एकट्या मुलाला त्यात आपोआप शिरता येतं.

ही पद्धत, मूळ शब्दांत बघा, पारखा, करा, बेल्जियमच्या कार्डाइन यांच्या तरुण कामगार चळवळीतून आली आणि पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या परिपत्रात तिची शिफारस केली. मधली पायरी गाळली की उरतो तो निव्वळ उपक्रम.

गटाला सत्रामागे वीस-तीस पौंड द्या आणि ते कसे खर्च करायचे हे त्यांनाच ठरवू द्या. सुरक्षितता आणि पैशांचा अंतिम हिशेब मोठ्यांकडे. बाकी बैठकीत शिक्षिकेने सर्वांत शेवटी बोलावं. धार्मिक बाजूची तपासणी जवळ आली म्हणून घाईने काढलेले गटही असतात. तपासनीस मुलांशी बोलतात, आणि “हे काम तुम्ही का निवडलं?” या प्रश्नावर मुलं शिक्षिकेकडे बघायला लागली की त्यांना कळायचं ते कळतं.

प्रश्न : आमच्याकडे ‘मुलांनी चालवलेली प्रार्थना’ म्हणजे शिक्षकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलांनी वाचणं. खरोखर मुलांकडे सोपवायची तर कशी? – एक वाचक, लेस्टर

चार भागांचा साचा इंग्लंडमध्ये सर्रास वापरतात : एकत्र येणं, शास्त्रवचन, प्रतिसाद, निरोप (जाताना सोबत न्यायचं काम). एका वर्गासाठी दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली. तीन किंवा चार मुलांनी एक प्रार्थना बसवावी.

आधी वचन निवडायचं. मुलं गाण्यापासून सुरुवात करतात आणि मग त्याला जुळणारं वचन शोधत बसतात, तिथेच गाडी घसरते. त्या आठवड्याच्या रविवारच्या शुभवर्तमानातल्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या) चार ते आठ ओळी घ्या. मुलांनी एकमेकांना विचारावं : यात काय घडतं? कोणती ओळ डोक्यात राहते? त्या ओळीवरून प्रतिसाद सुचतो. कधी कागदावर नाव लिहून टोपलीत टाकणं, कधी नुसती शांतता.

टेबलावरचं कापड उपासनेच्या काळाप्रमाणे : आगमनकाळ आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) जांभळं, नाताळ आणि ईस्टरला पांढरं किंवा सोनेरी, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला) आणि रक्तसाक्षींच्या (श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या संतांच्या) दिवशी लाल, सामान्यकाळात, म्हणजे एरवी, हिरवं. वर उघडं बायबल, क्रूस, मेणबत्ती. खरी मेणबत्ती असेल तर पेटवायची आणि विझवायची मोठ्यांनी. लांब केस बांधलेले हवेत आणि मेणबत्तीजवळ कागद नकोत. टेबलावर चार वस्तू झाल्या की थांबा. कापसाचे ढग आणि बाहुल्या आल्या की वर्ग तेच बघत बसतो.

वाचणाऱ्याला उतारा तीन दिवस आधी द्या, मोठ्या अक्षरांत, जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ मारून. आदल्या दिवशी ज्या खोलीत वाचायचं तिथेच एकदा वाचून घ्या, आणि दुसऱ्याने मागच्या भिंतीपाशी उभं राहून ऐकावं. वाचन संपल्यावर मनात तीसपर्यंत मोजायचं, मग पुढचं बोलायचं. मुलांना शांततेची भीती वाटते. आकडा दिला की ती तग धरतात.

निरोपात “सगळ्यांशी चांगलं वागा” हे चालवून घेऊ नका. आज घरी जाण्याआधी करता येईल असं काहीतरी हवं, उदाहरणार्थ “जेवणाच्या हॉलमधल्या ताईंना नावाने हाक मारून थँक यू म्हणा.” त्यांची नावं मुलांना ठाऊक नसतात, ती शोधण्यातच अर्धं काम होतं.

प्रश्न : प्रायश्चित्तकाळात शाळा ‘फॅमिली फास्ट डे’ करते. सात वर्षांच्या मुलाने उपाशी राहायचं का? आणि गोळा झालेले पैसे मुलं मोजतात, हे बरोबर आहे का? – एक आई, हॅरो

उपाशी अजिबात नाही. चर्चच्या कायद्यातही उपवासाचं बंधन अठरा पूर्ण झाल्यावर आणि मांसवर्ज्याचं चौदा पूर्ण झाल्यावर लागू होतं. या दिवसामागची कल्पना साध्या जेवणाची : सूप आणि पाव, वाचलेले पैसे दानाला. १९६० मध्ये कॅथलिक महिलांनी असा पहिला दिवस पाळला आणि त्यातून १९६२ मध्ये कॅफोड ही संस्था उभी राहिली.

शाळेत एक अडचण येते. इंग्लंडमध्ये रिसेप्शन (शाळेचा पहिला वर्ग) ते इयर टूपर्यंत शाळेचं जेवण २०१४ पासून मोफत आहे, लंडनमध्ये २०२३ पासून सगळ्या प्राथमिक वर्गांना. मग वाचलेले पैसे येणार कुठून? गटाला हे लक्षात आणून द्या. घरची एखादी मिठाई किंवा रविवारचं टेकअवे सोडणं त्यांना स्वतःहून सुचतं. पाकीट बंद असावं, त्यावर नाव नसावं, आणि रिकामं पाकीटही तितक्याच सहज स्वीकारावं. वर्गावर्गांत “कोणी जास्त जमवले” ही स्पर्धा लावू नका. ज्या घरात फूड बँकेची पिशवी येते ते मूलही त्याच वर्गात असतं.

मोजणी मुलांनी जरूर करावी, दोन मोठ्यांच्या समोर, त्याच दिवशी. बँकेच्या पिशवीत एक पेनीची १०० किंवा दोन पेन्सची ५० नाणी भरतात, आणि दोन्हींचं वजन ३५६ ग्रॅमच भरतं. स्वयंपाकघरातला काटा आणा. मोजलेला आकडा आणि वजन जुळेना तर पिशवी पुन्हा उघडायची. बेरीज मुलांच्या खजिनदाराने लिहायची, सही दोन्ही मोठ्यांनी करायची.

प्रश्न : वसईत आमच्या धर्मग्रामाच्या मराठी शाळेत असा गट काढता येईल का? – एक शिक्षक, वसई

येईल, पण दोन गट वेगळे ठेवा. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा प्रार्थनेचा गट संमतीपत्र घेऊन, आणि सेवेचा गट सर्वांना खुला. धर्मग्रामात व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असेल तर तिच्या एका सदस्याला महिन्यातून एकदा मुलांच्या बैठकीला बोलवा. कोणत्या घरी मदत जाते ती नावं मात्र त्यांनी मुलांना सांगू नयेत, त्याच घरातलं मूल समोरच्या बाकावर बसलेलं असू शकतं.