"फॅशिया चिकटलाय, मॅडम"

सुनंदाताई (नाव बदललं आहे) खोलीत आल्या, पण बसेनात. माझ्याकडच्या खुर्च्या जरा बुटक्या आहेत. "उभीच राहते. वाकलं की ओढ बसते," म्हणाल्या आणि उभ्यानेच विचारलं, "माझा पाठीतला फॅशिया चिकटलाय, मॅडम. आता हे कायमचंच का?"

पूर्वी लोक "मणक्यात गॅप आलाय", "नस दबलीय" म्हणत यायचे. अलीकडे फॅशिया, म्हणजे स्नायूंभोवतीचं आवरण, ऐकू येतो. शब्द नवा, त्यामागची भीती जुनीच.

ताई 51 वर्षांच्या. घरीच ब्लाउज शिवतात, तीसेक वर्षं. सात-आठ महिने कंबर धरत होती. मालिश करणाऱ्या एकाने पाठ दाबून सांगितलं, "फॅशिया पूर्ण लॉक आहे. दहा सिटिंग घ्या, नाहीतर पुढे वाकताच येणार नाही." सहा सिटिंग झाली. पाठीवर काळेनिळे डाग उठले, दोन दिवस हलकं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण ते "वाकताच येणार नाही" मनात घर करून बसलं. शिलाई मशीनवर चादर पडली. लग्नसराईची कामं परत गेली. खाली पडलेली सुई सुनेने उचलायची, नातवाला कडेवर घेणं बंद. आमच्या फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामांपैकी एकही त्यांनी केला नव्हता, म्हणून त्या माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, आल्या.

डॉक्टरांची तपासणी आधीच झालेली होती. हे महत्त्वाचं. पायातली ताकद कमी होणं, बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, उगाच वजन घटणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, समुपदेशक नंतर.

पहिल्या भेटीत मी चुकले. त्यांनी पिशवीतून घडी घातलेले कागद काढले. मुलाने इंटरनेटवरून छापून दिलेला संशोधनाचा गोषवारा होता. मी वाचलाही नाही. "ते राहू द्या, आपण तुमच्याबद्दल बोलू," म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हीपण म्हणणार, दुखणं मनात आहे." पुढची पंधरा मिनिटं "हो", "नाही" यापलीकडे त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या वेळी आम्ही ते कागद मधे ठेवूनच बसलो. संशोधन खरं होतं आणि चांगलंही. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँगव्हिन आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीने कमरेतल्या संयोजी ऊतींचे (शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या ऊती, फॅशिया त्यातलाच) थर पाहिले. 2009च्या अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांमध्ये स्नायूंभोवतीचा हा थर सुमारे 25 टक्के जाड निघाला. 2011मध्ये त्यांनी 121 माणसांना पालथं झोपवलं, यंत्राच्या टेबलाने त्यांची कंबर हळूहळू वाकवली आणि फॅशियाचे थर एकमेकांवरून किती सरकतात ते मोजलं. दुखणं असलेल्यांमध्ये हे सरकणं 20 टक्के कमी होतं.

"थर सरकतात?" ताईंनी विचारलं. मी सांगितलं, घट्ट थरांच्या मधे एक सैल, मऊ थर असतो, म्हणून.

"मग हे अस्तरच की! वरचं कापड आणि अस्तर सुटं हललं पाहिजे. टाका चुकून दोन्हीतून गेला की हात वर केल्यावर ओढतं." मग हळूच म्हणाल्या, "पण ते उसवूनच नीट करावं लागतं."

त्यांच्या भीतीचं मूळ इथे होतं. चिकटलेलं म्हणजे कुणीतरी जोर लावून सोडवायचं, तोवर आपण हलायचं नाही. मी म्हटलं, ताई, अस्तराला जीव नसतो, याला आहे. तुम्ही कसं वागता त्याप्रमाणे ते बदलतं. शिवाय 20 टक्के ही दोन गटांच्या सरासरीतली तफावत आहे. तुमच्या पाठीची सोनोग्राफी कुणी केलेलीच नाही. बोटांनी चाचपून थर किती सरकतो हे मोजता येत नाही.

आता कागदातली सगळ्यात मोलाची ओळ. ती मुलाने अधोरेखित केलेली नव्हती. सरकणं कमी का झालं, याची दोन संभाव्य कारणं संशोधकांनीच दिली होती: ऊतीतला बिघाड, किंवा हालचालीची बदललेली पद्धत. म्हणजे थर कडक म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून माणूस आखडून वागतो आणि थर कमी सरकतात, हे या मोजमापावरून ठरत नाही.

याच गटाने पुढे डुकरांवर काम केलं, 2016मध्ये ते छापून आलं. काहींच्या पाठीतल्या फॅशियाला इजा केली, काहींचा मागचा एक पाय पुरता मागे जाऊ नये म्हणून बांधला. अगदी खराखुरा पायबंद. इजा नसलेल्या, फक्त पायबंद घातलेल्या डुकरांमध्येही थरांचं सरकणं घटलं. इजा आणि पायबंद एकत्र आले तिथे आणखी घटलं. आणि 2012च्या एका प्रयोगात पाठीत सूज आणलेल्या उंदरांना रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं ताणायला लावलं. त्यांची चाल सुधारली, सूज कमी झाली.

"उंदरांना योगासनं!" ताई पहिल्यांदाच हसल्या. डुक्कर-उंदरांवरून माणसाचं सगळं ठरत नाही, हेही सांगितलं. पण मी गप्प बसायच्या आत त्याच म्हणाल्या, "मग माझा पायबंद मीच घातलाय." मी तो शब्द त्यांच्या तोंडी घातला नव्हता. खरं तर तसं म्हणायचा मला धीरही झाला नसता.

"मनात आहे" याचं उत्तर बाकी होतं. फॅशियात वेदना नेणारे मज्जातंतू असतात. 2014मध्ये जर्मनीत निरोगी लोकांच्या पाठीत तीव्र मिठाच्या पाण्याची सुई दिली, तेव्हा स्नायूपेक्षा फॅशियात दिलेली जास्त दुखली आणि जास्त वेळ दुखली. तेव्हा दुखणं खरंच आहे. मात्र दुखणं खरं असलं तरी त्याला दिलेलं स्पष्टीकरण खरं असतंच असं नाही.

मालिशीचं काय? हंस चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2008मध्ये गणित मांडून दाखवलं की तळपायाचा किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा घट्ट फॅशिया अवघा एक टक्का दाबायला किंवा सरकवायलाही हाताच्या नेहमीच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त बळ लागतं. मालिशीने बरं वाटतं, ते वाटू द्यावं. पण डाग उठेपर्यंत दाबून काही "सुटतं", हे मला पटत नाही. उरलेल्या चार सिटिंगचे पैसे ताईंनी सोडून दिले. सुनेकडून तेल लावून घेणं चालू ठेवलं.

मग आम्ही यादी केली. सगळ्यात सोपं, बसून चपलेचा पट्टा लावणं. सगळ्यात अवघड, नातवाला उचलणं. फिजिओथेरपिस्टने यादी पाहून होकार दिला. प्रत्येक गोष्टीआधी ताईंनी अंदाज लिहायचा: किती दुखेल, दहापैकी. केल्यावर खरं किती दुखलं ते लिहायचं. पट्ट्यासाठी अंदाज आठ होता, दुखलं चार. जमिनीवरची सुई: नऊ, निघालं पाच. मशीनवर पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. एकदा उत्साहात दोन तास बसल्या आणि तीन दिवस कंबर धरली. त्या आठवड्यात फोनवर पुन्हा "चिकटलं" आलं. मी फक्त विचारलं, "बोटं हलतायत का, पाय चालतायत का?" दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दहा मिनिटांवर आल्या.

चार महिन्यांनी दुखणं गेलं नव्हतं. सकाळी असायचं, आजही थोडं असतं. नातवाला त्या उचलतात, जिना चढताना मात्र नाही.

शेवटच्या भेटीत मी त्या कागदांची झेरॉक्स मागितली. त्यांनी मूळ कागदच पुढे केले, मग पटकन मागे घेतले. पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने मापं होती: छाती, कंबर, बाही, गळा मागून खोल. "हे नाही देता येणार, मॅडम. गुरुवारी द्यायचेत."